गिरणगांवच्या चाळी व त्यांचें साधनमूल्य

मुंबईतील व्हिक्टोरियन व आर्ट डेको इमारतींच्या समूहाची युनेस्कोनें २०१८ सालीं जागतिक वारसा म्हणून नोंद केली. तींत उच्च न्यायालय व विद्यापीठ आहे. गिरणगांवची एकही चाळ नाहीं. उलट इंग्लंडांतील सॉल्टेअर हें गिरणीकामगारांचें गांव घरांसह २००१ सालींच त्या यादींत आलें.

शिल्पसौंदर्य हीच वारशाची कसोटी मानणें, हें या भेदाचें मूळ होय. संशोधकास ती कसोटी अपुरी वाटली पाहिजे. चाळ हें इतिहासाचें अस्सल साधन आहे. प्लेगनंतर १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या परळच्या चाळींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ पर्यंत राहिले. पुढें १९२० सालीं डेव्हलपमेंट खातें निघालें. त्या सरकारनें मजुराच्या कुटुंबास किती जागा पुरेशी मानिली, तें बी. डी. डी. चाळींतील १६० चौरस फुटांची खोली व मजल्यावरील सामाईक शौचकूप कोणत्याही अहवालाहून स्पष्ट सांगतात.

परंतु चाळींतील शेजारधर्माचे पोवाडे गाणारांचा पक्षही ग्राह्य नाहीं. त्या शेजारधर्माच्या मुळाशीं अडचण होती. वरळीस २०२५ पासून रहिवाशांस ५०० चौरस फुटांचीं घरें मिळूं लागलीं, हें न्याय्यच झालें. चाळी पाडूं नयेत, असा आमचा आग्रह नाहीं. पाडण्यापूर्वीं मोजमापें, नकाशे, भाडेपावत्या व रहिवाशांच्या जबान्या यांचें दप्तर व्हावें, आणि एक तरी खोली मूळ स्वरूपांत राखावी, इतकेंच मागणें आहे. अस्सल कागद नष्ट झाल्यावर बखरींवर विसंबावें लागतें, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.