मैलापाण्याची योजना : पुरेल किती वर्षे?

शहराची एखादी योजना जाहीर झाली की दोन आकडे ठळक छापले जातात : किती कोटी रुपये आणि किती दशलक्ष लिटर. योजना कोणत्या वर्षापर्यंत पुरेल, हा तिसरा आकडा सहसा आतल्या मजकुरात दडलेला असतो. आमच्या मते योजनेची परीक्षा या तिसऱ्या आकड्यावरच व्हायला हवी. पुण्याच्या मुळा-मुठा नदी प्रदूषण नियंत्रण योजनेचे उदाहरण घेऊ.

जपानच्या कर्जावर आधारलेल्या या योजनेचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. त्या वेळी शहराची मैलापाणी शुद्धीकरणाची क्षमता रोज ४७७ दशलक्ष लिटर होती. नवी ११ केंद्रे बांधून तीत ३९६ दशलक्ष लिटरची भर घालायची, ११३.६ किलोमीटर मलवाहिन्या टाकायच्या, खर्च ९९०.२६ कोटी रुपये, काम पूर्ण जानेवारी २०२२ मध्ये, असा हिशोब होता. आणि एकूण ८७३ दशलक्ष लिटरची ही क्षमता २०२७ सालची गरज भागवणार होती. म्हणजे सारे वेळेवर झाले असते तरी उसंत मिळणार होती पाच वर्षांची. प्रत्यक्षात पायाभरणीच मार्च २०२२ मध्ये झाली, तीही १४७० कोटींहून अधिक खर्चाच्या आकड्यासह.

विलंब कुठेही होतो, हे आम्ही मान्य करतो. पण विलंब होणारच हे ठाऊक असताना पाच वर्षांची उसंत ठेवणे याला दूरदृष्टी म्हणता येत नाही. त्यातच २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे पालिकेच्या हद्दीत आली. यांतील दोन गावे २०२४ मध्ये वगळण्यात आली, पण हद्दीच्या रेषेने पाण्याला काही फरक पडत नाही. या गावांतली वस्ती काही समावेशाच्या दिवशी जन्मली नव्हती. तिचे मैलापाणी आधीपासूनच उताराने वाहत होते. म्हणून आराखडा पालिकेच्या नकाशावर न आखता नदीच्या पाणलोटावर आखायला हवा, हा आमचा पहिला आक्षेप.

दुसरा आक्षेप दशलक्ष लिटरच्या मापाबद्दल आहे. पाणी किती शुद्ध केले एवढेच नव्हे, किती प्रमाणात शुद्ध केले हेही महत्त्वाचे. घरगुती मैलापाण्यातील घाण कुजवताना जीवाणू दर लिटरमागे साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम प्राणवायू वापरतात. याला जैवरासायनिक प्राणवायू मागणी म्हणतात. नदीच्या स्वच्छ पाण्यात आपल्या हवामानात प्राणवायू विरघळतो लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम. म्हणजे कच्चे मैलापाणी एक लिटर सोडले तर २५ ते ३० लिटर नदीचा सगळा प्राणवायू फस्त! ही मागणी ३० मिलिग्रॅमवर आणली तर सुमारे चार लिटर नदी खर्ची पडते, १० वर आणली तर सव्वा लिटर. पूर्वीचा सर्वसाधारण निकष ३० होता. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये १० चा आदेश दिला. तीस वर्षे वापरायच्या केंद्राचा विचार करताना निकष कडक होत जाणार हे गृहीत धरायला नको का? शिवाय नायट्रोजन आणि फॉस्फरस उरलेच, तर शेवाळ माजते. मुळा-मुठेचे पाणी भीमेतून उजनीत जाते आणि उजनीचे पाणी सोलापूरकर पितात. पुण्याच्या आराखड्यातली चूक अशी सोलापूरच्या घागरीत उतरते.

मग एकदमच पन्नास वर्षांचे केंद्र बांधावे का? नाही. मोठ्या वाहिनीत थोडे पाणी संथ वाहते, गाळ बसतो, कुजून निघणाऱ्या वायूने सिमेंट खराब होते. अतिमोठ्या टाकीत जीवाणूंना अन्न कमी पडते आणि कर्जाचे व्याज मात्र पूर्ण भरावे लागते. उपाय वेगळा आहे. जमिनीखालच्या वाहिन्या तीस वर्षांचा विचार करून घालाव्यात, पंप पंधरा वर्षांचे धरावेत, टाक्या टप्प्याटप्प्याने वाढवाव्यात. पण जमीन मात्र आजच राखून ठेवावी, कारण टाकी नंतर बांधता येते, इमारतींनी व्यापलेली जागा परत मिळत नाही. पुरेशी जागा न राखणारा आराखडा, त्यात कितीही केंद्रे दाखवली असली तरी, आम्ही अपुराच मानू.

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज घेता येईल. माणशी रोज १३५ लिटर पुरवठा आणि त्याचे ८० टक्के मैलापाणी, असा प्रचलित संकेत आहे. म्हणजे माणशी १०८ लिटर. २०११ च्या जनगणनेप्रमाणे पुणे पालिका हद्दीची लोकसंख्या ३१.२४ लाख. गुणाकार येतो सुमारे ३३७ दशलक्ष लिटर. मग २०१६ मध्ये ४७७ ची क्षमता अपुरी का होती? मुलांना शोधू द्या. संकेतापेक्षा जास्त वापर, जनगणनेनंतरची वाढ, मोजदादीत न येणारे बोअर आणि टँकर, वाहिन्यांत शिरणारे पावसाचे पाणी अशी कारणे ती स्वतःच सांगतील. मग हाच गुणाकार आपल्या गावासाठी, आजच्या आणि तीस वर्षांनंतरच्या लोकसंख्येने करायला सांगा आणि विचारा : एवढ्या पाण्यासाठी गावाने जागा कुठे राखून ठेवली आहे?