घरात 'अल्फा' कोण? एका कल्पनेची उलटतपासणी

मागच्या दिवाळीत काकांकडे गेलो होतो. त्यांचा मोती कोपऱ्यात हाड चघळत बसला होता. काकांनी हाड काढून घ्यायला हात घातला, तसा तो गुरगुरला. काकांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं, म्हणून त्याला उताणा पाडून दाबून धरलं. म्हणाले, "अरे, एकदा कळू दे त्याला घरात मालक कोण ते!" पुढच्या क्षणी मनगटात दात. मग रेबीजच्या इंजेक्शनांचा कोर्स, आणि मोतीला घरात ठेवायचं की नाही यावर आठवडाभर भांडण.

मला प्रश्न पडला: हा सल्ला आला कुठून? शोधत गेलो, तर आपल्यासारख्या संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी फार कामाची गोष्ट हाती लागली.

१९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला. कुंपणातल्या त्या लांडग्यांत वरच्या स्थानासाठी झगडा चालायचा. पुढे १९७० मध्ये डेव्हिड मेक यांच्या लांडग्यांवरच्या पुस्तकाने 'अल्फा' ही कल्पना सगळीकडे पोचवली. १९७८ मध्ये न्यू स्कीटच्या मठातल्या साधूंचं कुत्रा पाळण्यावरचं पुस्तक आलं, आणि कुत्र्याला उताणा पाडण्याची युक्ती घराघरांत गेली. त्या साधूंनीच नंतर हा सल्ला मागे घेतला, हे मात्र फारसं कुणाच्या कानावर गेलं नाही.

आता बघा, इथे एक नाही, तीन उड्या आहेत. कोंडलेल्या लांडग्यावरून रानातल्या लांडग्यावर, लांडग्यावरून कुत्र्यावर, आणि कुत्र्या-कुत्र्यांतल्या नात्यावरून माणूस-कुत्रा नात्यावर. प्रत्येक उडीला वेगळा पुरावा लागतो. तो कुणी मागितलाच नाही.

पहिली उडी खुद्द मेक यांनीच मोडली. कॅनडातल्या एल्समेअर बेटावर १९८६ ते १९९८ असे १३ उन्हाळे त्यांनी मोकळे लांडगे पाहिले आणि १९९९ मध्ये पेपर लिहिला. रानातला कळप बहुतेक वेळा म्हणजे एक कुटुंब: आईबाप आणि त्यांची पिल्लं. पिल्लांचं ऐकणं-वागणं आईबापांभोवतीच फिरतं, त्यासाठी कुणाला लढाई जिंकावी लागत नाही. कुंपणात मात्र बहुधा एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एकत्र ठेवलेले असतात, आणि नको असेल तर निघून जायलाही जागा नसते. आपल्याच पुस्तकाने रुजवलेली कल्पना खोडायला हिंमत लागते. मेक यांचा हा पेपर एकदा मुळातून वाचाच.

पण इथे थांबू नका. हल्ली उलट बाजूची घोषणा ऐकू येते: "अल्फा वगैरे सगळं खोटं, तुम्ही कुत्र्याचे आईबाप व्हा." तीच चूक पुन्हा! मेक यांचा पेपर लांडग्यांवर आहे, पाळीव कुत्र्यांवर नाही. शिवाय २०१० मध्ये इटलीत, रोमच्या परिसरातल्या मोकाट कुत्र्यांच्या अभ्यासात त्यांच्यात वरचढपणाची उतरंड सापडली. म्हणजे कुत्र्यांत वरचढपणा नसतोच, असं म्हणता येत नाही. पण त्यावरून मोती काकांची जागा बळकावू पाहत होता, असंही सिद्ध होत नाही. हाड सोडायचं नाही, एवढंच त्याला म्हणायचं असेल, तर त्यासाठी सिंहासनाची गोष्ट कशाला?

उताणा पाडल्याने काय होतं, यावर काही पुरावा आहे का? २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या हेरॉन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कुत्र्याच्या वागण्याची तक्रार घेऊन आलेल्या मालकांकडून त्यांनी १४० प्रश्नावल्या भरून घेतल्या. ज्यांनी उताणा पाडायचा प्रयोग केला होता, त्यांतल्या ३१ टक्क्यांनी कुत्रा उलट आक्रमक झाल्याचं सांगितलं. आकडा बघून लगेच टाळ्या वाजवू नका. ही कुत्री आधीच तक्रारीची होती, आणि माहिती मालकांच्या आठवणीतली. म्हणून सर्वसाधारण पाळीव कुत्र्यांना ३१ टक्के लावता येणार नाहीत. पण गुरगुरणाऱ्या कुत्र्याशी झोंबणं धोक्याचं आहे, एवढी सावधगिरी घ्यायला हा पुरावा पुरतो. पुरावा किती भार पेलतो, तेवढंच विधान करायचं.

मग घरात शिस्त कशी लावायची? काकांना मी साधंच सांगितलं. खाताना त्याच्या तोंडात हात घालू नका, जास्त आवडीचं काही देऊन अदलाबदल करा. जेवण आणि फिरणं ठरल्या वेळी ठेवा. गुरगुरणं ही सूचना आहे, ती मारून बंद केली तर पुढच्या वेळी सूचनेशिवाय चावा बसू शकतो. आणि वागणं अचानक बदललं तर आधी डॉक्टरांना दाखवा, कुठे दुखत असेल. काका म्हणाले, "म्हणजे मी मालक नाहीच?" म्हटलं, "काका, जेवणाचा डबा तुमच्याच हातात आहे की!" मोती अजून घरातच आहे.

सिनॉप्सिस लिहायला बसाल, तेव्हा एक सवय लावून घ्या. उसन्या घेतलेल्या प्रत्येक विधानासमोर तीन शब्द लिहा: कोणावर, कुठे, किती काळ. जिथे रकाना रिकामा राहील, तिथे मूळ पेपर उघडा. तुमच्या विषयातला असा एखादा 'अल्फा' सापडला, तर मला जरूर कळवा.