श्रोता की वाचक? : आसगाव परिसराच्या निमित्ताने

मराठी समीक्षेत 'वाचक' हा शब्द विपुल आढळतो. परंतु हा वाचक कोठे बसून वाचतो, पुस्तक त्याच्या हाती कोणत्या मार्गाने येते, तो एकटा वाचतो की चारचौघांत, याविषयी ती बहुधा मौन पाळते. तिच्या मनातील वाचक म्हणजे शहरातील घरात स्वस्थ बसून मुकाट वाचणारा एकटा मनुष्य होय. या गृहीतकाची कसोटी पाहावयाची झाल्यास भंडारा जिल्ह्यातील, पवनी तालुक्यातल्या आसगावसारखे गाव समोर ठेवणे उपयुक्त ठरेल. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा मुलूख धानाचा. बांधी आणि बोडी हे येथील नित्याचे शब्द. वर्ष मोजावयाचे ते पऱ्हे, रोवणी, कापणी, मळणी या क्रमाने. वाचनाला आणि करमणुकीला सवड केव्हा मिळावयाची, हेही हाच क्रम ठरवितो.

गावच्या ग्रंथालयापासून आरंभ करावा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला आणि खेडोपाडीच्या ग्रंथालयांना अनुदानाचा आधार मिळाला. हा लाभ लहान नव्हे. त्यावाचून कित्येक गावांत चार कपाटेही उभी राहिली नसती. तथापि 'अ'पासून 'ड'पर्यंतच्या वर्गवारीने जे मोजले जाते ते ग्रंथांची संख्या, सभासद, खर्च, देवघेव असे असते. वर्तमानपत्राभोवती पाच जण बसले असून त्यांपैकी एकजण मोठ्याने वाचीत असेल, तर उरलेल्या चौघांची गणना कोणत्या रकान्यात करावयाची? देवघेवीच्या नोंदवहीत ते नाहीत, आणि समीक्षेच्या 'वाचकवर्गा'तही नाहीत. प्रशासनाची अडचण समजण्याजोगी आहे. समीक्षेची तशी कोणतीच अडचण नव्हती.

पुस्तक गावात येते ते रस्त्याने. विदर्भातील सरकारी प्रवासी वाहतूक पूर्वी मध्यप्रांताच्या व्यवस्थेखाली होती. १९६१ मध्ये ती महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात आली. पवनीचे आगार आज भंडारा विभागात मोडते. खेड्याच्या वाङ्मयीन जीवनात एस. टी.चे स्थान काय, असा प्रश्न विद्यापीठात कोणी विचारल्यास तो थट्टेवारी नेला जाण्याचा संभव आहे. वस्तुतः वर्तमानपत्रांचे गठ्ठे, परगावचे शिक्षक, तालुक्याच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुली, त्यांच्या दप्तरातून येणारी पुस्तके यांचा भार खेड्यापाड्यांत दीर्घकाळ या गाडीनेच वाहिला. मुक्कामी गाडी बंद पडली की गावाची सकाळ उशिरा उजाडते. २०२१-२२ च्या प्रदीर्घ संपात याचा प्रत्यय राज्यभर आला. रणजित देसाईंची 'स्वामी' (१९६२) किंवा शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७) गावोगावच्या कपाटांत दिसतात, यावरून 'ग्रामीण वाचकास ऐतिहासिक-पौराणिक कादंबरीच रुचते' असा निष्कर्ष काढण्याची जी रीत पडली आहे, ती म्हणूनच तपासून घ्यावयास हवी. जे पोहोचले त्यातून जे निवडले, त्यास आवड म्हणावे. जे पोहोचलेच नाही त्याविषयी नावड कशी सिद्ध होणार?

आता या परिसराला खरोखर जवळच्या असलेल्या एका ग्रंथाकडे वळणे प्राप्त आहे. तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. एक्केचाळीस अध्यायांच्या या ओवीबद्ध ग्रंथाचे वाचन पूर्व विदर्भात गुरुदेव सेवा मंडळांच्या सामुदायिक प्रार्थनेशी जोडलेले आहे. नागपूर विद्यापीठास २००५ मध्ये तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले. परंतु ग्रंथाचा अभ्यास होतो तो मुख्यत्वे विचारधारा म्हणून. रचना म्हणून त्याकडे पाहिले गेल्याचे क्वचितच आढळते. 'उपदेशपर' हा शब्द उच्चारला की समीक्षकाचे काम संपते.

हा न्याय घाईचा आहे. ग्रामगीतेत अनेक ठिकाणी श्रोता शंका काढतो आणि विवेचन त्या शंकेच्या अनुरोधाने पुढे सरकते. तीच गोष्ट तीनचार ओव्यांतून फिरून येते. मुकाट वाचणाऱ्यास हा पाल्हाळ वाटतो. दिवसभर चिखलात राबून आलेल्या आणि मध्येच येऊन बसलेल्या श्रोत्यास तो हात देतो. सुटलेला धागा पुढल्या ओवीत पुन्हा सापडतो. श्रीधराच्या पोथ्यांनी मराठी कानाला जे वळण लावले त्याचाच हा विस्तार होय. विहीर, गटार, शाळा, पंचायत हे विषय ओवीत आणणे हे धाडसही नोंदवावयास हवे. मात्र याच ठिकाणी ग्रंथाचे वैगुण्यही आहे, आणि भक्तिभावाने ते झाकणे इष्ट नव्हे. ग्रामगीतेतील गाव स्वच्छ होते, शिकते, एकत्र जेवते. पण त्या गावात लक्षात राहील असा एकही माणूस भेटत नाही. अमक्या बोडीवरून भांडणारा, अमक्याची रोवणी अडवून धरणारा कोणी तेथे नाही. गाव आहे, शेजार नाही.

शेजार पाहावयाचा तर कादंबरीकडे जावे लागते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' त्याच १९५५ सालची. तीत कारभारी आहे, मेंढके आहेत, श्रमाने बांधलेली तालीम आहे आणि अखेर दुष्काळाने ओस पडणारी वाडी आहे. माणूस आणि भूमी यांचे इतके नेमके दर्शन मराठीत विरळाच. तरीही हे सारे दिसते ते बाहेरून आलेल्या तरुण मास्तराच्या डोळ्यांनी, आणि सांगितले जाते ते वाडीबाहेरच्या वाचकास. ग्रामगीता गावाशी बोलते, बनगरवाडी गावाविषयी बोलते. हा भेद विषयाचा नसून संबोधनाचा आहे. ग्रामीण साहित्याच्या चर्चेत अनुभवाचा अस्सलपणा पुष्कळ तपासला गेला, संबोधनाची दिशा फारच थोडी.

त्यातही प्रदेशांची वाटणी सम नाही. कोकणाला 'गारंबीचा बापू' (१९५२) मिळाला, माणदेशाला माडगूळकर लाभले, वऱ्हाडाला उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) लाभली. पुष्कळदा 'धग'च्या आधारे सबंध विदर्भाचे वर्णन उरकले जाते. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, झाडीबोलीत 'र'. एवढ्या एका वर्णावरूनही आसगावचा मनुष्य 'धग'मधील बोली आपली नव्हे हे ओळखील. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा पद्धतशीर अभ्यास केल्यामुळे हा भेद भाषाशास्त्रात तरी स्थिर झाला. त्या बोलीच्या मुलखातील, 'धग'सारखी सर्वमान्य झालेली कादंबरी मात्र चटकन सांगता येत नाही.

याचा अर्थ तो मुलूख मुका आहे असा नव्हे. धान घरात आले, दिवाळी सरली की मंडया भरतात आणि झाडीपट्टीतील नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे मंडळ्यांचे केंद्र; पण प्रेक्षक गावोगावचा. रात्रभर चालणाऱ्या या प्रयोगांसाठी तो आप्तांना निरोप धाडून बोलावतो, बैलगाडीने पूर्वी आणि दुचाकीने आता पाच-सात कोस जातो, आवडलेले पद पुन्हा म्हणावयास लावतो. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर शहरी वृत्तपत्रांना या रंगभूमीची काहीशी जाग आली. परंतु या नाटकांच्या छापील संहिता क्वचितच मिळतात. ग्रंथालयाच्या दाखलनोंदवहीत त्या येणार कोठून? गाव जे वाङ्मय तिकीट काढून, जागरण करून अनुभवते ते त्याच्या ग्रंथालयात नाही, आणि ग्रंथालयात जे आहे त्यावरून त्याची अभिरुची ठरविली जाते.

येथे एक जुनी गोष्ट आठवावी. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ 'लीळाचरित्र' म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केला तो माणसांना गाठून, त्यांच्या आठवणी ऐकून. चक्रधरांच्या परिवारातील निळभट्ट भांडारेकार हे तर भंडाऱ्याचेच. तो ग्रंथ ऐकीव आहे म्हणून कोणी त्यास वाङ्मयाबाहेर ठेवीत नाही. उलट त्यातील ओसरी, बाजार, वाटचाल यांच्या बारकाव्यांचे कौतुक होते. म्हाइंभटांची पद्धती आजच्या संशोधकासही मोकळी आहे. मंडईच्या रात्री पाच गावांतील प्रयोग ऐकावे, नटांजवळच्या हस्तलिखित वह्या मिळवाव्या, प्रार्थनेनंतर ग्रामगीतेतील कोणता अध्याय पुन्हा मागितला जातो ते टिपावे, आणि त्याच गावच्या ग्रंथालयाची दहा वर्षांची देवघेव त्याशेजारी मांडावी. हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे. रोवणीच्या दिवसांत मात्र जाऊ नये; बोलावयास कोणी सापडणार नाही.