काय दाखवू नये, यापलीकडे : डिजिटल पडदा आणि भारतीय भाषांची जागा

२५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान (मध्यस्थ मार्गदर्शक तत्त्वे आणि डिजिटल माध्यम आचारसंहिता) नियम अधिसूचित केले. ओटीटी मंचांना लागू होणारी आचारसंहिता त्यांच्या परिशिष्टात आहे. तेथे ‘भाषा’ हा शब्द येतो, पण मराठी, कोकणी, संथाळी किंवा मैथिली या अर्थाने नव्हे. कार्यक्रमात शिवीगाळ किती आहे आणि त्यानुसार तो कोणत्या वयाच्या प्रेक्षकासाठी योग्य ठरतो, हे ठरवण्याचा तो एक निकष आहे. आठव्या अनुसूचीत २२ भाषा असलेल्या देशाने डिजिटल मनोरंजनासाठी पहिली संहिता लिहिली आणि तिच्यात भाषेचा विचार झाला तो अपशब्दांपुरता. प्रस्तुत टिपणात या उणिवेचा विचार करायचा आहे.

प्रथम संहितेत काय आहे ते न्याय्यपणे नोंदवू. वयोगटानुसार वर्गीकरण, मुलांसाठी प्रवेशनियंत्रण, तक्रारनिवारणाची त्रिस्तरीय रचना, अपंग प्रेक्षकांसाठी सुलभता यांच्या तरतुदी तिच्यात आहेत. देशाच्या बहुवांशिक आणि बहुधर्मीय स्वरूपाचे भान ठेवावे, असेही ती सांगते. मात्र हे भान सावधगिरीचे आहे : कोणाच्या श्रद्धा वा प्रथा दाखवताना जपून वागा, इतकेच. वैविध्य म्हणजे दुखावण्याची शक्यता, असा अर्थ त्यातून निघतो. वैविध्य पडद्यावर यावे, दिसावे, त्याला प्रेक्षक मिळावा, ही कल्पना संहितेत नाही. पुढे ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने आठव्या अनुसूचीतील भाषांचा उल्लेख नियमांत आला, पण तो मध्यस्थ कंपन्यांनी वापराच्या अटी कोणत्या भाषेत द्याव्यात याविषयी होता.

भारतीय कायद्याला ही कल्पनाच ठाऊक नव्हती, असे मात्र नाही. प्रसार भारती अधिनियम १९९० चा. त्याचे कलम १२ महामंडळाची कर्तव्ये सांगते, आणि देशाच्या विविध प्रदेशांतील संस्कृती व भाषा यांना पुरेसे स्थान देणे हे त्यांपैकी एक आहे. याहून बोलके उदाहरण केबल दूरचित्रवाणीच्या कायद्यातले आहे. १९९५ च्या या कायद्यात २००० साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार प्रत्येक केबलचालकाने दूरदर्शनच्या किमान दोन भूपृष्ठीय वाहिन्या आणि राज्याची एक प्रादेशिक भाषेची वाहिनी ‘प्राइम बँड’मध्ये दाखवणे बंधनकारक झाले. प्राइम बँड म्हणजे केबलचा असा वारंवारिता-पट्टा की ज्यावरील चित्र साध्या, जुन्या संचावरही स्वच्छ दिसे. तेथे जागा मिळावी म्हणून खासगी वाहिन्या केबलचालकांना पैसे मोजत. वाहिनी केबलवर नुसती असणे पुरेसे नाही, ती कोठे सापडते याला महत्त्व आहे, हे कायदा लिहिणाऱ्यांनी अचूक ओळखले होते. वाहिनीवर काय दाखवावे हे ही तरतूद सांगत नव्हती; ती फक्त जागेची होती.

आजचा प्राइम बँड म्हणजे ॲप उघडल्यावर दिसणारी पहिली ओळ. एखादा मराठी चित्रपट संग्रहात आहे; परंतु नाव टंकून शोधल्याशिवाय तो समोर येत नसेल, तर त्याची स्थिती प्राइम बँडबाहेर ढकललेल्या वाहिनीसारखीच होते. इंदूर, बडोदा किंवा बेळगाव येथील मराठी घरातील मुलाला तो सुचवला जाईल की नाही, हे शिफारस करणारी प्रणाली ठरवते. तिचे निकष कंपनीजवळ असतात. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८.३ कोटी होते. एवढ्या मोठ्या भाषेला बाजार स्वतःहून थोडीफार जागा देईल. कोकणी सांगणारे सुमारे २२.५ लाख होते. खरी कसोटी तेथे लागते.

ही पोकळी का राहिली? माझ्या मते त्याचे एक कारण संविधानातील अधिकारविभागणीत आहे. चित्रपटगृहे आणि करमणूक हे विषय राज्यसूचीच्या ३३ व्या नोंदीत येतात. प्रदर्शनासाठी चित्रपटांना मंजुरी देणे संघसूचीत (नोंद ६०), आणि प्रसारण व तत्सम संपर्कसाधने हीही संघसूचीत (नोंद ३१). त्यामुळे भाषिक संस्कृती जपण्याची राजकीय गरज ज्यांना रोज जाणवते ती राज्ये चित्रपटगृहाला काही सांगू शकत होती. महाराष्ट्राने एप्रिल २०१५ मध्ये तसे सांगितलेही : मल्टिप्लेक्सनी सायंकाळच्या मोक्याच्या वेळी मराठी चित्रपट दाखवावा. प्रचंड वाद झाला, आणि ‘मोक्याची वेळ’ दुपारी १२ ते रात्री ९ इतकी सैल करण्यात आली. दुपारी बाराचा खेळ मोक्याचा कसा, हे विचारायला हरकत नाही. तरीही तेथे भांडायला एक दार होते. पडदा सभागृहातून फोनमध्ये गेला तेव्हा तो राज्याच्या हातातून निसटून केंद्राच्या हाती गेला. ९ नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने ऑनलाइन चित्रपट व दृक्‌श्राव्य कार्यक्रम माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या कक्षेत आले. महाराष्ट्र आजही मराठी चित्रपटनिर्मितीला अनुदान देतो. तयार झालेला चित्रपट ॲपवर कोठे मांडला जाईल, यावर मात्र त्याचा काहीच अधिकार नाही.

अन्यत्र हा प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला गेला आहे. युरोपीय संघाच्या २०१८ च्या दृक्‌श्राव्य माध्यम निर्देशानुसार मागणीनुसार सेवा देणाऱ्या मंचांच्या संग्रहात किमान ३० टक्के युरोपीय कलाकृती असाव्या लागतात, आणि त्या ठळकपणे दिसतील याची काळजीही घ्यावी लागते. पहिली अट एकटी असती तर स्वस्तात घेतलेल्या जुन्या चित्रपटांनी संग्रह भरून काढता आला असता. दुसरी अट म्हणून जोडली आहे. कॅनडाने २०२३ मध्ये ऑनलाइन प्रवाहसेवांना प्रसारण कायद्याखाली आणले. सांस्कृतिक अभिव्यक्तींच्या वैविध्याविषयीचा युनेस्कोचा २००५ चा करार भारतानेही स्वीकारला आहे.

यावर एक आक्षेप गंभीर आहे, आणि मला तो झटकता येत नाही. पहिल्या ओळीत काय असावे हे सरकारने ठरवायचे म्हटले, तर भाषेच्या नावाखाली सरकारी प्रचारही तेथे येऊन बसेल. २००० च्या केबल दुरुस्तीने प्राइम बँड दिला तो शेवटी दूरदर्शनला, म्हणजे सरकारच्या छायेतील संस्थेला. २०२१ च्या नियमांतील ९(१) आणि ९(३) यांना मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी स्थगिती दिली. पत्रकार निखिल वागळे हे त्यातील एक याचिकाकर्ते होते, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील अतिक्रमण हा त्या निर्णयाचा गाभा होता. ज्या यंत्रणेला हे ऐकून घ्यावे लागले, तिच्याच हाती जागावाटप सोपवावे काय?

सरकारने स्वतःचे मंच उभारणे हा त्यावर निघालेला एक मार्ग. केरळने मार्च २०२४ मध्ये ‘सीस्पेस’ सुरू केले. प्रसार भारतीचे ‘वेव्हज’ २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील चित्रपट महोत्सवात सुरू झाले. हे प्रयत्न उपयुक्त आहेत. जुन्या कार्यक्रमांचा ठेवा त्यामुळे खुला होतो. पण ज्या प्रेक्षकाला मराठी किंवा मल्याळम चित्रपट पाहायचा आहे हे आधीच ठाऊक असते, तोच मुद्दाम तेथे जातो. बाकीचे मोठ्या मंचांवरच राहतात.

म्हणून कोट्याच्या आधी माहितीचे बंधन घालावे, असे मला वाटते. आपल्या संग्रहात कोणत्या भाषेच्या किती कलाकृती आहेत, वर्षभरात कोणत्या भाषांत नवी निर्मिती केली आणि पहिल्या पडद्यावर प्रत्येक भाषेला किती वेळा स्थान मिळाले, हे प्रत्येक मोठ्या मंचाने दरवर्षी प्रसिद्ध करावे. त्यात आशयाला हात लागत नाही आणि कोणाची परवानगीही मागावी लागत नाही. संहितेनुसार वयोगटाची खूण प्रत्येक कार्यक्रमावर आधीच दिसते. मंचाला आपल्या संग्रहाची इतकी बारीक नोंद ठेवता येते, तर भाषेची नोंद ठेवणे त्याला जड जाऊ नये.