कांदळाचें पान आणि माशाचें पोट

कांहीं लेखांचें भाग्य असें असतें कीं, त्यांना वाचक थोडे मिळतात आणि अनुयायी फार. विल्यम ओडम व एरिक हील्ड या अमेरिकन संशोधकांचा कांदळवनाच्या खाडींतील अन्नजाळ्यावरील निबंध या जातीचा आहे. १९७२ सालीं या विषयावर त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला आणि १९७५ सालीं हा निबंध आला. कांदळवनें राखलीं पाहिजेत असें सांगणाऱ्या पुस्तिकांतून ‘कांदळाचें पान कुजतें, त्यावर मासळी पोसते’ हें वाक्य आढळतें, त्याचें मूळ बहुतांशीं येथें आहे. म्हणून पन्नास वर्षांनंतर आम्हीं तो मुद्दाम पुन्हां वाचावयास घेतला.

फ्लॉरिडाच्या दक्षिण टोंकाशीं, एव्हरग्लेड्सच्या दलदलींत, नॉर्थ नांवाची एक उथळ नदी आहे. तिच्या कांठीं तांबड्या कांदळाची दाटी. झाडावरचें हिरवें पान फारसें कोणी खात नाहीं. तें पिकून पाण्यांत पडतें. मग त्यावर बुरशी व जंतु वस्ती करतात, पान झिजत जातें आणि त्याच्या चुऱ्यांतील प्रथिनांचें प्रमाण उलट वाढत जातें. हा चुरा कोळंबी, बारीक खेकडे व लहान मासे गिळतात आणि त्यांना मोठे मासे गिळतात. हजारों प्राण्यांचीं पोटें फाडून ग्रंथकारांनीं ही सांखळी जुळविली. खाडीच्या मासळीचें मूळ अन्न म्हणजे पाण्यांत तरंगणारें वनस्पतिप्लवक, अशी समजूत रूढ असतां त्यांनीं दृष्टि वरून गळणाऱ्या पानाकडे वळविली, हें श्रेय त्यांचेंच. खारदलदलींतील पोषक द्रव्य समुद्रांत वाहून जातें व तेथील जीवांस पोसतें, हें मत यूजीन ओडम यांनीं १९६८ सालीं मांडलें होतें. विल्यम हे त्यांचे चिरंजीव. पित्यानें मत मांडावें आणि पुत्राच्या संशोधनानें त्यास बळकटी यावी, हा योग शास्त्राच्या इतिहासांत विरळाच. परंतु अशी बळकटी थोडी अधिक बारकाईनें पारखून घ्यावी असें आम्ही म्हटलें, तर कोणाचा उपमर्द होऊं नये.

आमचा मुख्य आक्षेप पद्धतीवर आहे. पत्रावळीवर काय वाढलें होतें हें पाहून जेवणाऱ्याच्या अंगीं काय लागलें हें सांगतां येत नाहीं. माशाच्या पोटांत तपकिरी चुरा सांपडला; तो कांदळाचाच होता असेंहि मानूं. पण त्याच घांसाबरोबर चिखलावरचें सूक्ष्म शैवालहि आंत गेलेलें असतें. तें मऊ, नत्रयुक्त आणि लवकर जिरणारें. पानाचा धागा चिवट, म्हणून तो मागें राहतो. अर्थात् फाडलेल्या पोटांत जें अधिक दिसतें, तें बहुधा त्या जीवाला सर्वांत कमी पचलेलें असतें. ‘डेट्रायटस’ हा शब्दहि असाच सोयीचा आहे. पान, जंतु, शैवाल, विष्ठा, सर्व त्यांत मावतें, आणि मावलें म्हणजे हिशेब संपला असें वाटूं लागतें.

पुढें कार्बनच्या समस्थानिकांचें मापन आलें आणि पोटाऐवजीं मांसालाच प्रश्न विचारतां येऊं लागला. जड कार्बनाचें, म्हणजे कार्बन-१३ चें, प्रमाण कांदळाच्या पानांत कमी, प्लवकांत त्याहून अधिक आणि समुद्री गवतांत आणखी अधिक असतें. खाणाऱ्याच्या अंगांत तीच खूण उतरते. मलाया द्वीपकल्पांत १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत खाडीच्या आंतल्या भागांतील जीवांत कांदळाची खूण ठळक निघाली, परंतु समुद्राकडे जातां जातां ती पुसट होत गेली. आपल्याकडे गोदावरीच्या मुखाशीं कोरिंगाच्या वनांतून २००२ सालीं जो लेख आला, त्यानें तर झाडांच्या मुळांशीं राहणाऱ्या जीवांचीच झडती घेतली. त्यांतील बहुतेक गोगलगायी, खेकडे इत्यादि जीव डोक्यावरून गळणाऱ्या पानांवर जगत नसून चिखलावरील शैवालावर आणि भरतीबरोबर येणाऱ्या प्लवकावर जगतात, असें दिसून आलें. पानावर खरोखर गुजराण करणारे थोडेच.

या नव्या साधनालाहि आम्ही शेवटचा न्यायाधीश मानीत नाहीं. कांदळाचें पान व समुद्री गवत मिळून खाल्लें, तर त्यांची सरासरी प्लवकासारखी दिसूं शकते. शिवाय क्वीन्सलँडच्या वनांत १९८६ सालीं असें आढळलें कीं, गळालेल्या पानांचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग खेकडे बिळांत ओढून नेतात. तेव्हां पान कोणीच खात नाहीं असें म्हणणें हाहि अतिरेकच. पण नत्राच्या बाबतींत इतक्या दरिद्री पानावर खेकड्याचें पिंड कसें वाढतें, या प्रश्नाचें समाधान मूळ निबंधांत शोधणें व्यर्थ होय.

ग्रंथकारांपेक्षां आमचा रोष अनुयायांवर अधिक आहे. ओडम व हील्ड एका नदीविषयीं बोलत होते. ती उथळ, कांदळानें वेढलेली, आणि तेथें भरतीओहोटीचा चढउतार फार थोडा; तेथें पानाचें माहात्म्य असणें स्वाभाविक. अनुयायांनीं ती नदी जगांतील सर्व किनाऱ्यांवर नेऊन ठेवली. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ आणि २०१८ सालीं महाराष्ट्रांतील कांदळवनांना संरक्षण दिलें, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु जनतेपुढें या वनांची वकिली करतांना आपण अजून पानाचाच दाखला पुढें करतों. उद्यां भरावाची माती घेऊन आलेल्या एखाद्या चतुर गृहस्थानें कोरिंगाचा लेख दाखवून ‘मासा पान खातच नाहीं’ असें म्हटलें, तर आमचे हे वकील काय उत्तर देणार? वास्तविक उत्तर तयार आहे. मुळांच्या गुंत्यांत पिलांना आसरा मिळतो, त्या मुळांनीं धरून ठेवलेल्या गाळावर शैवाल माजतें, आणि खोल चिखलांत कार्बन शतकेंच्या शतकें पुरला जातो. यांतील एकहि गोष्ट मासा पान खातो कीं नाहीं यावर अवलंबून नाहीं.

पानाचें पुढें होतें काय, हें मात्र अजून पुरतें उलगडलेलें नाहीं. २००८ सालीं जगांतील कांदळवनांचें वार्षिक उत्पादन सुमारें २१.८ कोटी टन कार्बन इतकें धरून जमाखर्च मांडला गेला, तेव्हां पुरलेला, वाहून गेलेला व हवेंत गेलेला भाग वजा करूनहि निम्म्याहून अधिक कार्बनाचा पत्ता लागला नाहीं. त्यांतील बराचसा पाण्यांत विरघळून जात असावा, असा तर्क आहे. ज्यांना मूळ निबंध वाचावयाचा असेल त्यांनीं तो अवश्य वाचावा. मात्र शेजारीं कोरिंगाचा लेख उघडा ठेवावा. दोहोंतला चिखल निराळा आहे.