नव्याण्णवांच्या बाजूने हसणारा पांडुरंग

फैजपूरचं नाव काढलं की जळगाव जिल्ह्यात शिकलेल्या माणसाच्या तोंडून उत्तर आपोआप बाहेर पडतं : डिसेंबर १९३६, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. टीप पूर्ण, गुण पूर्ण. त्या दिवसांत शेजारच्या गावांतल्या चुलींवर काय शिजत होतं, हे कुणी विचारत नाही. एखाद्या पोराने विचारलंच, तर वर्गात हशा पिकेल आणि पोरगं खाली बसेल.

फैजपूरच्याच यावल तालुक्यातल्या सांगवीत, अधिवेशनानंतर दीडेक वर्षाने, २७ मे १९३८ रोजी भालचंद्र नेमाडे जन्मले. पंचविसाव्या वर्षी त्यांनी ‘कोसला’ लिहिली. १९६३ साली ती पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. खानदेशातून पुण्याला शिकायला गेलेल्या आणि परीक्षेत आपटून गावी परतलेल्या पांडुरंग सांगवीकराची ही गोष्ट. तिच्यातलं तुटलेपण, बापाशी असलेलं वैर, मेसमधली फजिती यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. मला मात्र ती पुन्हा उघडावीशी वाटते ती तिच्यातल्या एका खोडकर खेळासाठी. पांडुरंग आणि त्याचा मित्र सुरेश इतिहाससंशोधकाची हत्यारं उचलतात आणि ती थेट चालू काळावर चालवतात. आज, आत्ता, डोळ्यांसमोर जे चाललंय ते जणू केव्हाच गाडलं गेलं आहे आणि आपण ते उकरून काढतो आहोत, असा आव आणून दोघे निष्कर्ष काढत सुटतात.

या विनोदाची गंमत त्याच्या शिस्तीत आहे. दोघे संशोधनाच्या वाटेनेच चालतात, आणि पद्धत जितकी काटेकोर, तितका निष्कर्ष हास्यास्पद होत जातो. वाचक हसतो, कारण यातला खरा प्रकार त्याला ठाऊक असतो; संशोधकाला नसतो. मग हळूच एक शंका मनात शिरते : ज्या काळाचा खरा प्रकार आपल्यालाही ठाऊक नाही, त्याबद्दल आपण पाठ केलेली उत्तरं तरी याहून किती वेगळी असतील?

हा खेळ आपल्याकडच्या मालमसाल्यावरही खेळून पाहावा. समजा, आणखी हजार वर्षांनी खानदेशातल्या बामणोद गावच्या एखाद्या शेतात कुणी खणलं. राखेचा जाड थर, जळक्या पऱ्हाट्यांचे कोळसे, लाकडी बडगीचा तुकडा. संशोधक लिहील : येथे हिवाळ्यात सामूहिक अग्निपूजा होत असे, मुसळाने काहीतरी ठेचण्याचा विधी तिचा गाभा असावा, पुरोहितवर्गाचा पुरावा मिळत नाही. बिचाऱ्याला शेतात वांगी भाजून, ठेचून रंगणारी भरीत पार्टी कशी कळणार? तरी त्याचं सगळंच चुकलं असंही नाही. हिवाळा बरोबर, जमाव बरोबर, ठेचणं बरोबर. आणि भक्तिभावाबद्दल तर कुणाही खानदेशी माणसाला शंका नसावी. ‘कोसला’तली थट्टा नेमकी या ठिकाणी चिमटा काढते. पुरावा खोटं बोलत नाही. तो फक्त वांग्याची चव सांगत नाही.

ही चेष्टा खानदेशच्याच लेखकाला सुचावी, याला एक पार्श्वभूमी आहे. त्या काळात या भागात खरोखरच जमीन उकरली जात होती. तापीकाठी प्रकाशे इथे १९५४-५५ मध्ये उत्खनन झालं. सावळदा या तापीकाठच्याच गावाचं नाव तर एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीलाच मिळालं. आणि कागदांच्या बाजूला होतं धुळं. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि लगोलग, जानेवारी १९२७ मध्ये, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. १८९८ साली पानिपतच्या काळातल्या पत्रांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ची सुरुवात करणारा, पुढे तिचे बावीस खंड काढणारा, दप्तरांमागे गावोगाव वणवण करणारा हा माणूस. अस्सल कागदाच्या एका चिठोऱ्यापुढे तो अख्ख्या बखरीला मोजत नसे. धुळ्यात पुराव्याची पूजा चालू आणि शेजारच्या जिल्ह्यातला एक पोरगा त्याच पुराव्याला गुदगुल्या करतोय. हा विरोध वरवरचा आहे. पद्धतीचा दरारा ज्याने मानला, त्यालाच तिची अशी नक्कल साधते.

इतिहासावरची थट्टा मराठीला किंवा जगाला नवी नव्हती. इंग्लंडात १९३० साली सेलर आणि येटमन यांनी शाळकरी इतिहासाचं विडंबन केलं. माणसाच्या लक्षात राहतो तेवढाच इतिहास देण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या त्या पुस्तकात खऱ्या तारखा म्हणे दोनच. तिथे हसू आहे ते घोकंपट्टीवर. आपल्याकडे ‘कोसला’च्या एकच वर्ष आधी पु. ल. देशपांड्यांची ‘व्यक्ती आणि वल्ली’ आली आणि तिच्यातले हरितात्या घराघरांत पोचले. शिवकाळातल्या प्रसंगांना आपण जातीने हजर होतो अशा थाटात बोलणारे आणि उठल्याबसल्या पुराव्याची भाषा करणारे हरितात्या भूतकाळात कायमचे राहायला गेले आहेत. पांडुरंगाची चाल उलटी. तो स्वतः कुठेच जात नाही. चालू काळालाच उचलून वस्तुसंग्रहालयाच्या कपाटात ठेवतो. हरितात्यांवर हसताना आपल्याला त्यांचा लळा लागतो. पांडुरंगाबरोबर हसताना आपणच काचेमागे उभे आहोत, हे ध्यानात येतं.

भाषेनेही या थट्टेला साथ दिली आहे. पांडुरंगाच्या बोलण्यातले ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ गाजले, पुढे त्यांची नक्कलही उदंड झाली. पण त्यांचं काम पाहा. इतिहासाचं पुस्तक ठाम बोलतं : अमुक साली अमुक झालं. पांडुरंग स्वतःबद्दलही तसं बोलायला तयार नाही. सांगितलं ते अनेकांतलं एक, उरलं ते पुष्कळ. महानुभाव गद्याचा संस्कार ‘कोसला’वर अभ्यासकांना दिसतो, तो या ठिकाणी मलाही जाणवतो. चक्रधरांच्या आठवणी गोळा करणाऱ्या ‘लीळाचरित्रा’त एखादी लीळा दुसऱ्या कुणाला वेगळी आठवत असेल, तर तो पाठही नोंदवलेला आढळतो. आठवणीत फट असते हे कबूल करणारी ही परंपरा सात शतकांची आहे.

मग ही नुसती हुशार पोरांची टवाळी का ठरत नाही? कारण याच कादंबरीत मनी आहे. पांडुरंगाची धाकटी बहीण देवीच्या रोगाने जाते, आणि मराठी कादंबरीतल्या सर्वांत असह्य पानांपैकी काही त्या जागी येतात. इतिहासाकडे देवीचा हिशोब चोख आहे : १९६२ साली भारतात निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. दोन्ही सनं खरी आणि अभिमानाची. पण या दोन सनांच्या अलीकडे पलीकडे कुठेही मनीला जागा नाही. हे एकदा लक्षात आलं की संशोधनाच्या खेळातलं हसू मागाहून कडवट लागतं. ज्या पद्धतीत आपली बहीण बसत नाही, त्या पद्धतीवर पांडुरंग हसतो आहे.

कुणी म्हणेल, सगळ्याच स्मरणाची अशी थट्टा चालेल का? खानदेशी वाचकाला लगेच नंदुरबार आठवतं. ९ सप्टेंबर १९४२, हातात तिरंगा घेतलेला शाळकरी शिरीषकुमार मेहता आणि पोलिसांच्या गोळ्या. तिथे हसू फुटत नाही, फुटूही नये. पण शिरीषकुमारबरोबर आणखी चौघे त्या दिवशी पडले : लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. ही चार नावं न अडखळता सांगणारे किती निघतील? हुतात्म्यांतही स्मरण एकाला पुढे करतं आणि बाकीच्यांना ‘इत्यादी’त ढकलतं. ‘कोसला’चा रोख या ढकलण्यावर आहे, मेलेल्यांवर तिने कधी बोट रोखलेलं नाही. नेमाड्यांनी कादंबरी अर्पण केली आहे तीही शंभरातल्या नव्याण्णव जणांना. इतिहास त्या उरलेल्या एकाचा. तिच्यातल्या हशाची बाजू या अर्पणपत्रिकेतच ठरून गेली आहे.

या हशाला मर्यादाही आहे. दोघे मित्र कधी कधी आपल्याच चतुराईवर खूश होतात आणि खेळ लांबतो. वसतिगृहातल्या रात्रीच्या गप्पांचा सैलपणा त्याला येतो. शिवाय जो सगळ्यावरच हसतो, त्याच्या हाती शेवटी काय उरतं, याचं उत्तर पांडुरंगाकडे नाही. गावी परतलेल्या पांडुरंगाचं रितेपण हे या थट्टेसाठी मोजावं लागलेलं मोल आहे.

उत्तर नेमाड्यांनी पुढे शोधलं. २०१० साली आलेल्या ‘हिंदू’चा नायक खंडेराव हा खानदेशातल्याच गावचा, आणि पेशाने पुरातत्त्वज्ञ. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी ज्या विद्येची टर उडवली, तीच विद्या लेखकाने नायकाच्या हाती दिली, आणि उपशीर्षकात जगण्याला समृद्ध अडगळ म्हटलं. मोहेंजोदडोच्या मातीत हात घालणाऱ्या या नायकाला घरच्या माळ्यावरचं, शेतावरचं, बायांच्या बोलण्यातलं काहीच फेकून द्यावंसं वाटत नाही. ‘कोसला’ने इतिहासाला विचारलं होतं, तुझ्या पोतडीत आमचं काय आहे? ‘हिंदू’ ती पोतडीच मोठी करायला निघाली. म्हणून पांडुरंगाचा तो खेळ आज वाचताना नुसता खोडसाळ वाटत नाही. इतिहासाकडून ज्याची काहीच अपेक्षा नसते, तो त्याची थट्टा करण्याचे कष्ट घेत नाही. तो टीप पाठ करतो, गुण घेतो आणि मोकळा होतो.