‘लुस्ट’ शब्दाची कुळकथा
इंग्रजींतील ‘लस्ट’ आणि जर्मन भाषेंतील ‘लुस्ट’ हीं सख्खीं भावंडें. पण एकाच्या कपाळीं पापाचा शिक्का बसला आणि दुसरें चारचौघांत मानानें वावरतें. प्राचीन इंग्रजींत ह्या शब्दाचा अर्थ मुख्यतः आवड, आनंद असाच होता. पुढें बायबलाच्या भाषांतरांत देहाच्या वासनांसाठीं तो वारंवार योजिला गेला व आकुंचित झाला. जर्मन मनुष्य मात्र फिरावयास जाण्याची ‘लुस्ट’ आजहि निःसंकोच बोलून दाखवितो. इतकेंच नव्हे, तर इच्छा आणि इच्छापूर्तीचें सुख हीं दोन्ही त्या एका शब्दांत नांदतात. १९१० सालीं फ्रॉइडनें ह्या संदिग्धतेबद्दल एका तळटीपेंत हळहळ व्यक्त केली. आम्हांस मात्र ती दोषरूप वाटत नाहीं. भुकेंतच जेवणाची अर्धी गोडी असते, हें कोणती गृहिणी जाणत नाहीं? तेव्हां इंग्रजी शब्दाच्या सारखेपणावर विसंबून ‘लुस्ट’चें सरसकट ‘कामवासना’ असें भाषांतर करणें हा अन्याय होय. भाषाशास्त्रज्ञ त्याचें नातें संस्कृत ‘लष्’ धातूशीं जोडतात. गंमत अशी कीं, त्या घराण्यांतहि ‘अभिलाषा’ सभ्य ठरली आणि ‘लालसा’ बदनाम झाली.